निखाऱ्यावरची कोंबडी व तिच्या नावाचा इतिहास



महोत्सवाच्या स्मरणिकेत धर्मगुरूने काही इतिहास लिहावा असा प्रघात पडून गेला आहे. आपल्या देवमंदिराचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोठून आली, वेदीचे लाकूड कोणी दिले, हे सर्व इतर लेखकांनी याच अंकात आमच्याहून अधिक साक्षेपाने लिहिले आहे. म्हणून समितीने लेख मागितला तेव्हा आम्ही जरा संकोचानेच विचारले की, सणाच्या पंगतीस निखाऱ्यावर भाजलेली जी कोंबडी वाढण्यात येते तिचा इतिहास लिहिला तर चालेल काय? मंडळी हसली, परंतु कोणी नाही म्हटले नाही. वाचकांनी यात प्रवचन शोधू नये. ज्या पदार्थास आपण 'काफ्रेआल' म्हणतो त्याच्या नावात चारशे वर्षांहून जुनी एक हकीकत दडलेली आहे, आणि तिच्यात आपल्या ख्रिस्तसभेचाही हात आहे, एवढ्याच कारणास्तव लेखणी हाती घेतली आहे.

प्रथम पदार्थ कसा सिद्ध होतो ते सांगतो. कारण कृती ठाऊक असल्यावाचून पुढील गोष्ट नीट ध्यानात यावयाची नाही.

कोंबडी लहान हवी. साफ केल्यावर तिचे वजन ७०० ते ९०० ग्रॅम भरावे, त्याहून अधिक नको. जून पक्षी या कामी निरुपयोगी होय, कारण त्याचे मांस आतपर्यंत शिजण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वरची कातडी जळून जाते. म्हणून तलंग अथवा कोवळा कोंबडा घ्यावा. त्याचे तुकडे करावयाचे नाहीत. पाठीच्या कण्याच्या कडेने कापून तो पोथीसारखा उघडावा, पालथा घालावा, व छातीच्या हाडावर तळहाताने जोर देऊन सपाट करावा. असे केले म्हणजे मांडी व छाती एका पातळीवर येतात आणि धग सर्वत्र सारखी लागते. तुकडे केल्यास प्रत्येक कापातून रस गळून जातो. पक्षी अखंड ठेवला म्हणजे त्याची कातडी हेच त्याचे झाकण होते. मग मीठ, लसूण, लिंबाचा रस व वाटलेली मिरची चोळून तो काही तास ठेवावा. मसाला याहून पुष्कळ वाढविता येतो. त्याविषयी पुढे लिहू.

आता विस्तवाचे. या कामास ज्वाला मुळीच नको. लाकडाच्या ज्वालेत धूर असतो, काजळी असते, आणि तिचा ताव क्षणात चढतो व क्षणात उतरतो. कोळसा म्हणजे हवा कोंडून अर्धवट जाळलेले लाकूड. त्यातील पाणी व धूर आधीच निघून गेलेला असल्यामुळे तो ज्वालेवाचून तापत राहतो व त्याची धग सरळ मांसावर येते. कोळसे पेटवून त्यांवर करड्या राखेचा पातळ थर चढेपर्यंत थांबावे. बहुतेकांची घाई नडते ती येथेच. आमच्या किनाऱ्यावर करवंटीचा कोळसाही वापरतात. तो चटकन तापतो, परंतु चटकन विझतोही. जाळीच्या उंचीवर तळहात धरून शांतपणे चार-पाच अंक मोजता आले तर ताव योग्य समजावा; दोन अंकांतच हात मागे घ्यावा लागला तर निखारे पसरावेत.

हाडांची बाजू प्रथम खाली ठेवावी, म्हणजे फासळ्या ढालीसारख्या आड येतात व मांस सावकाश शिजते. वीस-पंचवीस मिनिटांनी पक्षी उलटावा आणि मग मात्र डोळ्यांत तेल घालून बसावे. आता कातडीखालची चरबी वितळून निखाऱ्यांवर गळू लागते व भडका उडतो. भडक्यावर पाणी शिंपडण्याचा मोह होतो, परंतु त्याने राख उडून मांसावर बसते. पक्षीच बाजूस सरकवावा. मधूनमधून लिंबूरस व तेल फिरवीत राहावे. सारे मिळून सुमारे ४० मिनिटे लागतात. मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचली म्हणजे मांस निर्धोक शिजले असे आजचे आरोग्यशास्त्र सांगते. आमच्या आचाऱ्यांपाशी तापमापक नसतो. ते मांडीच्या सांध्यात सुरीचे टोक खुपसून बाहेर येणारा रस पाहतात. रस लालसर असला तर थांबतात, स्वच्छ आला तर उतरवितात.

लोखंडी जाळी व निखारे म्हणताच आम्हा पाद्री मंडळींस संत लॉरेन्सची आठवण होते. रोममध्ये २५८ साली तो धर्मार्थ मरण पावला. त्यास जाळीवर भाजून मारिले अशी परंपरा असून त्यामुळेच तो आचाऱ्यांचा आश्रयदाता संत मानला जातो. त्याच परंपरेत असेही सांगितले आहे की, ख्रिस्तसभेचा खजिना हजर कर असा हुकूम झाला तेव्हा त्याने नगरातील दरिद्री लोक आणून अधिकाऱ्यासमोर उभे केले. असो. आपल्या विषयाकडे वळू.

'आ काफ्रेआल' हे पोर्तुगीज शब्द असून त्यांचा अर्थ 'काफरांच्या रीतीने' असा होतो. 'काफ्र' हा शब्द अरबीतील 'काफिर' यापासून आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे व्यापार करणारे अरब तेथील मुसलमान नसलेल्या लोकांस काफिर म्हणत. पोर्तुगीज तेथे गेले व त्यांनी तो शब्द अर्थाची चौकशी न करता उचलला. गोव्याचे विद्वान धर्मगुरू मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांच्या १९१९ व १९२१ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रहात अशा प्रवासी शब्दांचा मोठा साठा आहे. गंमत पाहावी, ज्या अरबाने हा शब्द योजला त्याच्या दृष्टीने पोर्तुगीजही काफिरच होते, व आपणही! परंतु शब्द जिभेवर रुळला की मूळ अर्थ कोण पाहतो? पुढे तो केवळ काळ्या माणसाचे हीनत्व दाखविण्यापुरता उरला. दक्षिण आफ्रिकेत तर त्याची एवढी जळजळीत शिवी झाली की तेथील न्यायालयांनी ती देणाऱ्यांस शिक्षा केल्या आहेत. आणि आम्ही मात्र तोच शब्द सणाच्या जेवणाच्या यादीवर सुंदर अक्षरात लिहितो.

हे नाव आपल्या किनाऱ्यास कसे लागले ते समजण्यासाठी थोडा भूगोल डोळ्यांपुढे आणावा. वास्को द गामा १४९८ च्या मार्चमध्ये मोझांबिक बेटास पोचला व त्याच वर्षी पुढे कालिकतास आला. त्यानंतर लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या गलबतांचे मोझांबिक हे विसाव्याचे बंदर झाले; वाऱ्याचा हंगाम चुकला तर तेथेच महिनेच्या महिने थांबावे लागे. आपले संत फ्रान्सिस झेवियर असेच अडकले. १५४१ च्या उत्तरार्धापासून पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत ते मोझांबिकला राहिले, तेथील इस्पितळात आजाऱ्यांची शुश्रूषा केली, स्वतःही आजारी पडले, व ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. पुढे गोव्याच्या जेजुइट प्रांताचे माजी प्रमुख गोन्सालो दा सिल्वेइरा हे १५६० साली गोव्याहूनच आफ्रिकेस गेले व १५६१ च्या मार्चमध्ये मोनोमोतापाच्या राज्यात मारले गेले. धर्मदृष्ट्या हा सारा मुलूख १६१२ पर्यंत गोव्याच्या महाधर्मप्रांतात होता. राज्यकारभाराच्या दृष्टीने तर मोझांबिकचा अधिकारी १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असे. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे पणजी व जुने गोवे यांस झांबेझीचे खोरे परके नव्हते. मधे समुद्र होता. परंतु त्या काळी समुद्र हाच रस्ता होता.

या रस्त्याने काय काय गेले व आले! कोंबडी मूळ आशियातील. आपल्याकडील रानकोंबड्याचीच ती माणसाळलेली वंशज, व ती पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी आफ्रिकेत पोचली होती. मिरची अमेरिकेची, कोलंबसाच्या सफरींपूर्वी, म्हणजे १४९२ पूर्वी, आपल्या पूर्वजांनी ती पाहिलीही नव्हती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत मिरीस व मिरचीस 'पिलिपिली' म्हणतात, व त्यावरूनच मोझांबिकच्या लहान तिखट मिरचीचे नाव 'पिरिपिरी' असे झाले. या पिलिपिलीचे मूळ शोधीत गेले तर अरबीतील 'फिलफिल' लागते, आणि त्याच्याही मागे आपली संस्कृत पिप्पली, म्हणजे घरोघर ठाऊक असलेली पिंपळी. फळ पश्चिमेकडून आले, नाव पूर्वेकडून गेले, व दोघांची गाठ आफ्रिकेत पडली. परंतु ही सर्व सामग्री ज्याने निखाऱ्यावर एकत्र केली, तो माणूस कोण? पोर्तुगीजांनी या रीतीस स्वतःचे नाव दिले नाही, गोव्याचेही दिले नाही. आफ्रिकी माणसाचे दिले. हे काम आपल्याला त्या लोकांनी दाखविले, अशी ही त्यांच्या तोंडची कबुलीच समजावी.

तो आफ्रिकी माणूस गोव्यात कोणत्या स्थितीत आला होता, हे सांगणे आता भाग आहे. काही शिपाई म्हणून आले हे खरे. परंतु फार मोठी संख्या गुलामांची होती. डच प्रवासी लिन्स्कोटेन हा १५८३ पासून काही वर्षे गोव्यात होता, व तोही गोव्याच्या महागुरूंच्या पदरी चिटणीस म्हणून. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने जुन्या गोव्याच्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या बाजाराचे वर्णन केले आहे. तेथे घोडे, वस्त्रे, जवाहीर व माणसे बोलीने विकली जात. स्त्रिया, पुरुष, तरुण, म्हातारे, जसे गुरांच्या बाजारात जनावर विकावे तसे. या बाजारास पोर्तुगीजांत 'लेइलांव' म्हणत. आपला 'लिलाव' हा शब्द तोच. सणाच्या दिवशी देवळापुढे अर्पणाच्या कोंबड्यांची व भोपळ्यांची बोली लागते, मुले टाळ्या पिटतात, व आम्हीही मोठ्या हौसेने 'लिलाव सुरू करा' असे म्हणतो. तोच हा शब्द. लिन्स्कोटेनने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे: रविवारी व सणावारी हा बाजार बंद असे. ती ओळ आम्ही प्रथम वाचली तेव्हा ग्रंथ मिटून ठेविला. मिस्सेचा दिवस पाळावयाचा व सोमवारी माणसे विकावयाची, हे ज्यांस विसंगत वाटले नाही ते आपलेच धर्मबंधू होते.

हे पाप गोव्याचे, आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. वसईचा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता हे आपण जाणतोच. १६३४ च्या सुमारास वसई शहरात ४०० पोर्तुगीज कुटुंबे, २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे व १८०० गुलाम असल्याची नोंद मिळते. कुटुंबे सहाशे आणि गुलाम अठराशे! किल्ल्यातील पडक्या मठांत आपण आज फिरावयास जातो, कमानींची छायाचित्रे घेतो. परंतु स्वयंपाकघर कोठे होते व तेथे निखारे कोण फुंकीत होते, हे आमच्या माहितीत तरी कोणी विचारीत नाही. विकणारे व विकत घेणारे केवळ गोरेच होते असेही नाही. दीव व दमणच्या आपल्या व्यापाऱ्यांचे पैसे या धंद्यात होते. झांबेझीच्या खोऱ्यात अठराव्या शतकात गोव्याहून गेलेल्या कुटुंबांनी मोठमोठ्या जमिनी मिळविल्या व त्यांवर गुलाम राबविले.

आणि ख्रिस्तसभा? येथे धर्मगुरूने हात आखडता घेऊ नये. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ व १४५५ साली पोर्तुगालच्या राजास जी आज्ञापत्रे दिली त्यांत अन्यधर्मीयांस जिंकून दास करण्याची मोकळीक होती. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली नव्याने सापडलेल्या देशांतील माणसांचे स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही असे स्पष्ट लिहिले. परंतु राजांच्या दरबारी व व्यापाऱ्यांच्या वखारीत ते पत्र फारसे चालले नाही. गोव्यात १५६७ साली भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने कोणास दास करणे न्याय्य व कोणास अन्याय्य याचे नियम घातले. दास्य मात्र तसेच राहू दिले. आफ्रिकेतील जेजुइट व दोमिनिकन संघांच्या जमिनींवरही गुलाम होते. याच काळात अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात संत पेद्रो क्लाव्हेर हे आफ्रिकेहून येणाऱ्या गुलामांच्या गलबतांत स्वतः उतरत, त्यांच्या जखमा धूत, व स्वतःस 'गुलामांचा कायमचा गुलाम' म्हणवीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांस १८८८ साली संतपद मिळाले. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला. पोर्तुगीज सरकारने हा व्यापार १८३६ साली बंद केला होता. आपल्या सर्व मुलखांतून दास्याची स्थिती रद्द करणारा कायदा १८६९ साली आला, आणि तोही मुदतीची शेपटी लावून. पंधराव्या शतकातील त्या आज्ञापत्रांतून निघालेल्या सिद्धांताचा व्हॅटिकनने जाहीर इन्कार केला तो २०२३ साली. आम्ही हे सनावळीसारखे लिहीत आहोत याचे कारण एवढेच की, कोणती गोष्ट केव्हा झाली व केव्हा झाली नाही, हे आमच्या तरुण वाचकांस कळावे.

पदार्थाचे पुढे काय झाले? किनाऱ्या-किनाऱ्यास त्याने निराळे रूप घेतले. गोव्यात तो हिरवा झाला: कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, जिरे, दालचिनी, लवंग, मिरी, वर लिंबू अथवा माडाचा शिरका. पुढे घरोघर जाळी सुटून तवा आला. आज पुष्कळ ठिकाणी काफ्रेआल भाजीत नाहीत, तेलावर परततात. आम्हांस विचाराल तर तव्यावरचा पदार्थ चवदार असतो, पण तो दुसराच पदार्थ होय. मोझांबिकात तो तांबडा व साधा राहिला: पिरिपिरी, लसूण, मीठ, लिंबू, आणि झांबेझिया प्रांतात नारळाचा रस. नारळाच्या रसाने कातडी लवकर तांबूस होते व धगीपासून मांसाचा बचाव होतो. आमच्याकडील आचाऱ्यांनी हे करून पाहण्याजोगे आहे. मोझांबिक २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाले व तेथील हजारो पोर्तुगीज मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर पिरिपिरीची चटक पोर्तुगालात अधिकच पसरली. तेथील आल्गार्व प्रांतातील गिया हे गाव तर निखाऱ्यावरच्या लहान कोंबडीसाठीच प्रसिद्ध आहे. कित्येक गोवेकरही मोझांबिकातून लिस्बनला गेले. १९८७ साली जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात मोझांबिकहून आलेल्या पोर्तुगीजांच्या वस्तीत 'नांदोज' नावाचे भोजनगृह निघाले, व त्याच्या शाखा आज अनेक देशांत आहेत. आखातात वा इंग्लंडात नोकरीस असलेली आमच्या धर्मग्रामातील मुले तेथे जेवतात व सुटीवर आल्यावर आम्हांस सांगतात की, 'फादर, तिकडची कोंबडी अगदी आपल्यासारखी लागते.' आम्ही म्हणतो, लागेल नाही तर काय!

ज्यांचे नाव या पदार्थास लागले त्यांचे वंशज मात्र फार दूर नाहीत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. गोव्यातील धन्यांच्या घरांतून पळून घाटावरच्या रानात आसरा घेतलेल्या आफ्रिकी लोकांची ही संतती होय. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, व कॅथलिकही पुष्कळ आहेत. घरी ते कोकणी बोलतात. त्यांस अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. काही वर्षांपूर्वी आम्ही तिकडील एका धर्मगुरुमित्राकडे गेलो असता अशा एका वस्तीत मिस्सा अर्पिली. मिस्सेनंतर दमामाच्या तालावर बायका गायिल्या, मग भात व कोंबडीचा रस्सा वाढला. जेवताना आमच्या बरोबरच्या एका शहाण्याने यजमानीणबाईस विचारले की, तुमच्याकडे काफ्रेआल करीत नाहीत काय? तिने तो शब्द ऐकला नव्हता. आम्ही ताटाकडे पाहत राहिलो. बरे झाले ऐकला नव्हता, असे तेव्हा वाटले. आता तितकी खात्री वाटत नाही.

येथे आमचाच एक अपराध सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना अशीच एक स्मरणिका आम्ही संपादिली होती. महागुरूंचे संदेश, आजवरच्या धर्मगुरूंची छायाचित्रे, देणगीदारांची सात पाने. दहा रुपये देणाराही सुटू नये म्हणून आम्ही रात्री जागून याद्या तपासल्या. प्रकाशनानंतर दोन दिवसांनी एक वृद्ध आचारी अंक घेऊन बंगल्यावर आला. चाळीस वर्षे सणाचे जेवण त्याने रांधले होते; जाळीवर शंभर-दीडशे पक्षी एकट्याने फिरवीत असे, एकही कच्चा नाही की एकही करपलेला नाही. त्यास वाचता येत नव्हते. नातीकडून अंक त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला होता. रागावला नाही. अंक आमच्यापुढे धरून एवढेच म्हणाला, 'फादर, माझं पान कुठलं?' आम्ही काहीतरी पुटपुटलो. छापखान्याच्या माथी चूक मारली असावी असे वाटते. पुढील सणाच्या आत तो वारला. त्याच्या उत्तरक्रियेच्या मिस्सेत आम्ही त्याच्या हाताच्या कौशल्याचे चांगले दहा मिनिटे वर्णन केले. त्याचा त्यास काय उपयोग?

पुढे लिन्स्कोटेनचे पुस्तक हाती आले तेव्हा हा म्हातारा आम्हांस वरचेवर आठवू लागला. तो गुलाम नव्हता, त्यास मजुरी मिळे, सणास नवे धोतर मिळे. दोन गोष्टी एकाच मापाने मोजणे बरोबर नव्हे हे आम्ही जाणतो. परंतु लिलावात विकल्या गेलेल्या त्या आचाऱ्यांपैकी एकाचेही नाव पदार्थास चिकटले नाही, चिकटली ती शिवी. आणि आमच्या आचाऱ्याचे नाव आमच्या वहीत राहिले नाही याचे कारण तरी काय होते? तो स्वयंपाकघरात होता, आणि यादी करणारे आम्ही दिवाणखान्यात होतो.

पदार्थाचे नाव बदलावे काय, असे समितीतील एका तरुण सभासदाने विचारले. काही मंडळींचे मत पडले की शब्द आता निर्दोष झाला आहे, गोव्यातील कोणाच्या मनात तो उच्चारताना तिरस्कार नसतो, व जुने नाव पुसले की त्याबरोबर इतिहासही पुसला जातो. यात तथ्य आहे. उलट पक्षी, ज्या माणसास त्या नावाने हाक मारिली त्याच्या तोंडावर आपण ते उच्चारू शकतो काय, हाही प्रश्न आहे. हल्याळच्या त्या बाईसमोर आम्हांस तो उच्चारवला नसता. बराच खल होऊन असे ठरले की, यंदाच्या जेवणाच्या यादीवर 'निखाऱ्यावरची कोंबडी' एवढेच छापावे. कोणी तोंडाने काफ्रेआल म्हटले तर त्यास अडवू नये. त्याने हा लेख वाचला असला म्हणजे झाले.

यंदा देवळामागील आवारात बाभळीच्या कोळशाच्या तीन लांब शेगड्या मांडण्यात येणार आहेत. पक्षी ८०० ग्रॅमचेच घ्यावयाचे असे दुकानदारास बजाविले आहे. गेल्या खेपेस दीड किलोचे आले व अर्धी पंगत कच्चे मांस टाकून उठली, ते कोणी विसरलेले नाही. शेगड्यांपाशी मुलांस जाऊ देऊ नये. आणि या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर, देणगीदारांच्या आधी, या धर्मग्रामात सणाचे जेवण रांधणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे छापली आहेत, जेवढी म्हाताऱ्या माणसांकडून गोळा करता आली तेवढी. त्यांतील पुष्कळशी नावे पुरी नाहीत. 'थोरली मावशी', 'विहिरीवरल्या घरची सून', 'मुका आचारी' अशा नुसत्या हाकाच काही ठिकाणी मिळाल्या, त्या तशाच छापल्या आहेत. ज्या घरात या माणसांचे बाप्तिस्म्याचे नाव कोणास ठाऊक असेल त्यांनी चर्चच्या कचेरीत यावे. त्यासाठी एक वही मेजावर उघडी ठेविली आहे, व दौतीजवळ टाकही आहे.